न उच्चारलेली अट : भविष्य टाळू पाहणाऱ्या खलपुरुषांच्या कथांविषयी

१

ओट्याच्या कडेवर चढलेल्या मुलाला आई 'पडशील!' असे म्हणते, तेव्हा व्याकरणाच्या दृष्टीने ती भविष्यकाळाच्या द्वितीयपुरुषी एकवचनाचे रूप वापरते, यापेक्षा अधिक काही करीत नाही. वाक्यात अट नाही, निषेध नाही, आज्ञाही नाही. तरीसुद्धा मूल खाली उतरते आणि पडत नाही. अशा वेळी आईचे विधान खोटे ठरले असे कोणी म्हणत नाही. उलट ते सार्थकी लागले असेच सर्व मानतात. हेच क्रियापद एखाद्या ज्योतिष्याने कुंडली पाहून उच्चारले असते, तर मात्र ऐकणारा पडल्याखेरीज त्याचे म्हणणे खरे ठरले नसते. रूप एकच, परंतु कार्ये दोन : एक ताकीद आणि दुसरे भाकीत. ताकीद खोटी ठरावी म्हणूनच दिली जाते. भाकीत खरे ठरले तरच ते भाकीत म्हणून टिकते.

मराठीतील '-ईल', '-शील', '-ईन' ही रूपे केवळ काळाची वाचक नाहीत, ही गोष्ट व्याकरणाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. 'तो आता घरी असेल' यात वर्तमानाविषयीचे अनुमान आहे. 'मी तुला मारीन' ही धमकी, 'तो तुला मारील' ही बहुधा सूचना, आणि 'तू मरशील' हे वक्त्याच्या स्वरानुसार ताकीद, शाप किंवा भाकीत होऊ शकते. पुरुष बदलला की वाक्याचे बळ बदलते. आणि पुरुष तोच राहिला तरी वक्ता कोण, श्रोता कोण व प्रसंग कोणता यांवर ते अवलंबून राहते. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत बोलणे ही एक कृती आहे हा विचार विस्ताराने मांडला. आईचे 'पडशील' हे त्या विचाराचे घरगुती उदाहरण होय.

भविष्य टाळण्यासाठी धडपडणाऱ्या आणि त्या धडपडीनेच ते ओढवून घेणाऱ्या खलपुरुषांच्या कथा जगात सर्वत्र आढळतात. लोककथाशास्त्रात स्टिथ थॉम्पसन यांच्या कल्पनाबंध-सूचीत भाकितांसाठी स्वतंत्र विभाग असून, भाकीत टाळण्याच्या निष्फळ प्रयत्नांना त्यात एम ३७० हा क्रमांक दिलेला आहे. या कथांचा उलगडा सामान्यतः 'दैव टळत नाही' या एका वाक्यात केला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दैव टळत नसेल तर ते सज्जनालाही टळत नाही; मग या कथांत खलपुरुषाचे वेगळेपण कशात आहे? त्याचे उत्तर वाक्याच्या रचनेतून, म्हणजे भाकितात न उच्चारलेल्या अटीच्या विचारातून, मिळू शकते.

२

प्रथम संज्ञा निश्चित केली पाहिजे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये 'अँटिऑक रिव्ह्यू' या नियतकालिकातील निबंधात ज्या प्रक्रियेचे वर्णन केले, तिला मराठीत 'स्वयंसाधक भाकीत' असे म्हणता येईल. परिस्थितीविषयी आरंभी चुकीची असलेली समजूत लोकांना नव्या वर्तनास प्रवृत्त करते आणि त्या वर्तनामुळे ती समजूत खरी होते, असे तिचे स्वरूप. मर्टन यांनी त्यासाठी एका कल्पित बँकेचा दृष्टांत दिला. १९३२ चे साल. बँक सुस्थितीत आहे. परंतु ती बुडणार अशी वदंता उठते, ठेवीदार आपापल्या ठेवी काढण्यासाठी धाव घेतात, आणि बँक खरोखरच बुडते. या विचाराचे मूळ डब्ल्यू. आय. टॉमस व डोरोथी टॉमस यांच्या १९२८ च्या ग्रंथातील सिद्धान्तात आहे : माणसे एखादी परिस्थिती खरी मानतात, तेव्हा तिचे परिणाम खरे होतात. कार्ल पॉपर यांनी भाकिताच्या भाकित घटनेवर होणाऱ्या प्रभावाला 'ईडिपस-परिणाम' असे नाव दिले. त्यांच्या १९५७ च्या ग्रंथात ते आले आहे. हा प्रभाव घटना घडवून आणणारा असेल तसा ती रोखणाराही असेल, हे पॉपर यांनी ध्यानात घेतले होते. रोखणाऱ्या प्रकारास 'स्वयंबाधक' म्हणणे सोयीचे होईल. आईचे 'पडशील' हे स्वयंबाधक होय.

येथे एक भेद दृष्टीआड होता कामा नये. मर्टन यांच्या बँकेविषयीची वदंता मुळात खोटी होती. पुराणकथेतील वाणी मुळात खोटी नसते. ती सर्वज्ञ मानलेली असते. तेव्हा दोहोंत साम्य आहे ते सत्यासत्याचे नसून मार्गाचे आहे : घटना श्रोत्याच्या कृतीतून जाते. या मार्गाची परीक्षा करण्यास एक साधी कसोटी पुरेशी आहे. कथेतून भाकीत वगळून पाहावे. उरलेल्या पात्रांच्या स्वभावानुसार घटना तशीच घडली असती काय? घडली नसती, तर कथा स्वयंसाधक. घडली असती, तर भाकीत केवळ पूर्वसूचना होते. उदाहरणार्थ, ग्रीक कथेतील आर्गॉसचा राजा अक्रिसिअस याला नातू आपला वध करील असे कळते. तो मुलीला कोंडतो आणि पुढे तिला तिच्या अर्भकासह पेटीत घालून समुद्रात सोडतो. तो नातू पर्सिअस वाचतो. परंतु अखेरीस त्याने खेळात फेकलेली थाळी अपघाताने आजोबांना लागते. येथे आजोबांच्या क्रौर्याचा आणि थाळीच्या आघाताचा कार्यकारणसंबंध क्षीण आहे. याउलट पुढील कथेत तो अत्यंत घट्ट आहे.

३

हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात मीड लोकांचा राजा अस्तियागीस याची कथा सांगितली आहे. आपली कन्या मंदानी हिच्या उदरातून एक द्राक्षवेल निघून तिने सारा आशिया झाकला, असे स्वप्न त्याला पडले. माजी या पुरोहितांनी अर्थ लावला : तिचा पुत्र तुझ्या जागी राज्य करील. राजाने नवजात नातवाला मारण्याचे काम हार्पागस या विश्वासू सरदाराकडे सोपविले. हार्पागसने स्वतःचे हात न रंगविता मूल एका गुराख्याच्या स्वाधीन केले. गुराख्याच्या बायकोला त्याच सुमारास मृत मूल झाले होते. तिने अदलाबदल करून हे मूल वाढविले. दहा वर्षांचा असताना खेळात राजा झालेल्या या मुलाने एका सरदारपुत्राला फटके मारविले, चौकशी झाली आणि रहस्य उघडकीस आले. हाच पुढे पारसीक साम्राज्याचा संस्थापक सायरस झाला.

यानंतरचा भाग विशेष मननीय आहे. पुरोहितांनी राजाला सांगितले की मुलगा खेळात राजा झाला, तेव्हा स्वप्नाचा अर्थ पुरा झाला. आता भय नाही. 'राज्य करील' या क्रियापदाचा अर्थ आकुंचित करून त्यांनी भाकिताला निर्विष केले. राजाने मुलाला सुखरूप जाऊ दिले. परंतु हार्पागसला मात्र त्याने भयंकर शिक्षा केली : त्याच्याच पुत्राचे मांस त्याला मेजवानीत खाऊ घातले. हार्पागस त्या वेळी काही बोलला नाही. वर्षे लोटली, त्याने सायरसला बंडाची चिथावणी दिली, आणि बंड झाले तेव्हा अस्तियागीसने, आपण केलेले कृत्य जणू विसरून, सैन्याचे आधिपत्य हार्पागसलाच दिले. सेनेचा मोठा भाग फितूर झाला.

भाकीत वगळून पाहण्याची कसोटी येथे लावली, तर कथेचे सारे सांधे निखळतात. स्वप्नाची भीती नसती, तर अर्भकहत्येची आज्ञा नव्हती. आज्ञा नसती, तर अवज्ञा नव्हती. अवज्ञा नसती, तर ती मेजवानी नव्हती. आणि मेजवानी नसती, तर फितुरीला कारण नव्हते. नातू राज्य घेईल एवढेच भाकितात होते; कोणाच्या हातून घेईल ते त्यात नव्हते. तो हात अस्तियागीसने स्वतः घडविला. भाकीत फल सांगते, साधन सांगत नाही; साधन खलपुरुष पुरवितो.

अस्तियागीसचे सैन्य उलटले आणि त्याने राजाला सायरसच्या स्वाधीन केले, ही हकीकत बॅबिलोनच्या राजवृत्तातही नोंदलेली आहे; ही घटना इसवी सनापूर्वी ५५० च्या सुमाराची. स्वप्ने मात्र त्या राजवृत्तात नाहीत. घडलेल्या सत्तांतराला मागाहून भाकिताची चौकट मिळते आणि पराभूत राजाच्या चुकांची साखळी त्या चौकटीत अर्थपूर्ण होते, हे या कथांचे सामान्य लक्षण होय.

४

भारतीय परंपरेतील याचे सर्वपरिचित उदाहरण कंसाचे. 'हरिवंशा'त देवकीचा आठवा गर्भ तुझा मृत्यू होईल, हे कंसाला नारद सांगतो. 'भागवता'च्या दशम स्कंधात हेच कार्य आकाशवाणी करते. आणि तेही कंस आपल्या चुलतबहिणीच्या वरातीचा रथ हौसेने हाकीत असताना. वक्ता बदलल्याने वाक्याचे बळ बदलले. ऋषी समोर असतो. त्याला प्रश्न विचारता येतो. शरीरहीन वाणीला प्रतिप्रश्न करता येत नाही. तिने अट सांगितली नाही, म्हणून श्रोता ती स्वतःच भरतो. कंस तत्क्षणी देवकीचे केस धरून खड्ग उपसतो, यावरून त्याने कोणती अट भरली ते स्पष्ट होते : 'हिला मारले नाही, तर.'

याच प्रसंगी वसुदेव त्याला समजावितो, आणि तो उपदेश केवळ वेळकाढूपणा नाही. जन्मास आलेल्याचा मृत्यू त्याच्याबरोबरच जन्मतो; तो आज येवो वा शंभर वर्षांनी; तेव्हा त्याच्या भयाने दुसऱ्याचा द्रोह करू नये, असा त्याचा आशय आहे. वाणीतील भविष्य नाकारल्यावाचून तिला उत्तर देण्याचा एक मार्ग कंसासमोर या वेळी उघडा होता. पहिला पुत्र आणून दिला, तेव्हा कंसाने तो परतही केला. भय आठव्याचे आहे, याचे नाही, इतका विवेक त्याच्यापाशी शिल्लक होता. पुढे नारदाने देवांचा बेत सांगितल्यावर तो विवेक संपला. महाराष्ट्रातील कीर्तनपरंपरेत हा प्रसंग आठ पाकळ्यांच्या कमळाने रंगविला जातो : कोठूनही मोजावयास आरंभ केला, तर कोणतीही पाकळी आठवी ठरते. क्रमवाचक विशेषणाचा अर्थ मोजणीच्या आरंभस्थानावर अवलंबून असतो, हे भाषेचे साधे तत्त्व येथे सहा अर्भकांच्या मृत्यूचे कारण झाले आहे. भयाने वाचलेल्या वाक्यात संदिग्धता सापडली, की ती श्रोत्याला थांबवीत नाही; ती त्याच्या क्रौर्याची कक्षा वाढविते.

ती कक्षा पुढेही वाढत जाते. तुझा शत्रू अन्यत्र जन्मला आहे असे योगमायेने सांगितल्यावर कंस क्षणभर पश्चात्ताप पावतो, देवकी-वसुदेवांना मुक्त करतो. परंतु मंत्र्यांच्या सल्ल्याने दहा दिवसांच्या आतबाहेरची सर्व अर्भके मारण्याचा बेत ठरतो. एका बालकाचे भय सर्व बालकांचे भय होते. शेवटी धनुर्यागाचे निमित्त करून, अक्रूराला रथासह पाठवून, कंस स्वतःच कृष्णाला मथुरेत आणवितो. गोकुळात वाढलेला तो मुलगा मथुरेच्या मल्लशाळेत आपण होऊन आला नाही. त्याला राजाचे निमंत्रण होते.

भूभारहरणासाठी ईश्वराचा अवतार ठरलेलाच होता. म्हणून भागवताच्या दृष्टीने कंसाची धडपड हे वधाचे एकमेव कारण नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु कथेत कारणांचे दोन स्तर आहेत. दैवी स्तरावर घटना निश्चित आहे. मानवी स्तरावर तिचा प्रत्येक टप्पा कंसाच्या निर्णयातून जातो. कंस दोषी ठरतो तो या दुसऱ्या स्तरावर. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण या स्तराचे अचूक वर्णन करते.

५

येथे एका निकटवर्ती प्रकाराचा उल्लेख अवश्य आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात, ज्याचे मराठी रूपांतर वि. वा. शिरवाडकरांनी 'राजमुकुट' या नावाने केले, भाकिते दोन जातींची आहेत. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणी तुला इजा करू शकणार नाही, ही शब्दच्छलाची जात. मॅकडफ हा नैसर्गिक प्रसूतीपूर्वीच मातेचे उदर चिरून काढलेला असल्यामुळे ते आश्वासन पोकळ ठरते. हिरण्यकशिपूचा वर याच जातीचा. दिवसा नाही आणि रात्री नाही, घरात नाही आणि बाहेर नाही, अशा निषेधांच्या जोड्यांनी सर्व शक्यता व्यापल्या असे त्याला वाटते. परंतु भाषेतील प्रत्येक द्वंद्वाला संधिप्रकाश असतो आणि उंबरठाही असतो. या कथांत श्रोता भयाने नव्हे, तर निर्धास्तपणाने फसतो. त्या स्वयंसाधक नव्हेत.

दुसरी जात मॅकडफपासून सावध राहा या सूचनेची. ही शब्दशः ताकीद आहे. मॅकडफ निसटून इंग्लंडला गेल्याचे कळताच मॅकबेथ त्याच्या बायकामुलांची कत्तल करवितो. ज्या माणसापासून सावध राहावयाचे, त्याच्याशी सलोखा करण्याचे सर्व मार्ग या एका कृत्याने बंद होतात, आणि राजकीय विरोधकाचे रूपांतर व्यक्तिगत सूड घेणाऱ्यात होते. ताकिदीचे भाकीत करण्याचे काम येथे मॅकबेथने स्वतः केले आहे.

६

भविष्य टाळू पाहणारा प्रत्येक मनुष्य खल नसतो, हे आता पाहिले पाहिजे. सोफोक्लीसच्या नाटकातील ईडिपस आपण पित्याला मारू आणि मातेशी विवाह करू हे ऐकताच कॉरिंथ सोडतो. ज्यांना तो आईबाप समजतो, त्यांच्या रक्षणासाठी स्वतः घर, राज्य आणि नाव यांचा त्याग करतो. त्याच्या पित्याने, लायसने, याच भयाने काय केले होते? तान्ह्या मुलाचे घोटे जखडून त्याला डोंगरावर टाकविले. दोघांनीही भविष्य टाळण्याचा यत्न केला. परंतु एकाने किंमत स्वतः दिली आणि दुसऱ्याने ती मुलाकडून घेतली. ईडिपसचे अज्ञान हे लायसच्या कृत्याचे फळ होय. मुलगा घरी वाढता, तर बापाला ओळखता.

इरावती कर्वे यांनी 'मॅन' या नियतकालिकात १९५० मध्ये ईडिपसकथेचे एक मराठी रूप प्रसिद्ध केले. त्यात नवजात अर्भकाच्या कपाळी भविष्य लिहिणाऱ्या सटवाईच्या स्वतःच्याच मुलीच्या ललाटी पुत्राशी विवाह लिहिलेला असतो. ती मुलगी पुरुषांचा संपर्क टाळण्यासाठी रानात एकटी राहू लागते. तरीही लेख चुकत नाही. या कन्येला खलनायिका म्हणण्यास कोणीही धजणार नाही. तिने न उच्चारलेली अट भरली ती स्वतःच्या नावाने : 'मी लोकांत राहिले, तर.' भविष्य तरीही घडते. परंतु कथा तिच्या बाजूने राहते.

याहून उद्‌बोधक उदाहरण बायबलमधील योनाच्या पुस्तकात आहे. चाळीस दिवसांत निनवे नगरी उलथून पडेल, असे संदेष्टा योना पुकारतो. वाक्यात कोणतीही अट नाही. पश्चात्तापाचे नावही नाही. निनवेचा राजा सत्ताधीश आहे. संदेष्ट्याला ठार करणे त्याला कठीण नव्हते. परंतु तो सिंहासनावरून उतरतो, गोणपाट नेसतो आणि प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा अशी आज्ञा देतो. नगरी वाचते. भाकीत खोटे पडल्याने रुसतो तो योनाच. राजाने अटहीन वाक्यात अट ऐकली आणि ती स्वतःच्या आचरणावर बसविली. त्यामुळे भाकिताची ताकीद झाली.

यावरून एवढे निष्पन्न होते की, भाकिताला ताकीद समजणे ही खलपुरुषाची चूक नव्हे. निनवेच्या राजानेही तेच केले. भेद आहे तो अटीच्या कर्त्याचा. 'अमुक होईल' या वाक्यापूर्वी जी 'जर'ची जागा रिकामी असते, तीत एक श्रोता 'मी बदललो नाही' असे भरतो; दुसरा 'तो जिवंत राहिला' असे भरतो. पहिल्या श्रोत्याचे भविष्य टळेल किंवा टळणार नाही, परंतु ते टाळण्याच्या यत्नातून नवा शत्रू जन्मत नाही. दुसऱ्याच्या यत्नातून मात्र तो हमखास जन्मतो, कारण त्याच्या उपायाचे स्वरूपच इजा करण्याचे असते. स्वयंसाधक भाकीत खलपुरुषांच्या कथांत इतके वारंवार का येते, याचे कारण हेच.

७

हा विचार कथांपुरता राहत नाही. मर्टन यांनीच आपल्या निबंधात दाखविले होते की, कृष्णवर्णीय कामगार संप मोडतात या समजुतीने अमेरिकेतील कामगारसंघांनी त्यांना दूर ठेवले, आणि संघाबाहेर ठेवलेल्या बेकार माणसाला संपाच्या वेळी मिळणारे काम नाकारणे दुरापास्त झाले. समजुतीने आपला पुरावा आपणच निर्माण केला.

भारतात याचे सर्वांत विस्तृत उदाहरण कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संबंध जमातीच गुन्हेगार म्हणून घोषित करण्याचा अधिकार शासनाने घेतला. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह देशभर त्याची व्याप्ती वाढली. व्यक्तीने काय केले, असा प्रश्न या कायद्यास नव्हता. ती पुढे काय करील, याचे उत्तर तिच्या जन्मातच गृहीत धरलेले होते. नाव नोंदविणे, हजेरी देणे, परवान्याशिवाय गाव न सोडणे, ही बंधने ज्यांचा उदरनिर्वाहच फिरतीवर होता त्यांच्यावर आली. फिरती बंद झाली की धंदा बंद. नोंद झालेल्याला काम देण्यास कोणी तयार नाही. आणि त्यानंतर घडलेली प्रत्येक चोरी मूळ घोषणेचा पुरावा ठरणार. सोलापूरच्या 'सेटलमेंट'सारख्या वसाहतींत पिढ्या गेल्या. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपुष्टात आला आणि या जमाती 'विमुक्त' ठरल्या. परंतु कपाळीचा लेख पुसण्यास कायद्याचे निरसन पुरेसे पडले नाही, याची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनात मिळते.

सटवाईचा लेख अदृश्य असतो. नोंदवहीतील लेख मात्र शिपायाला वाचता येतो, आणि तो वाचणाऱ्याच्या हाती दंडुका असतो. कथांतील अर्भके आणि नोंदवहीतील माणसे यांत साम्य आहे ते येथे. दोन्हीकडे भय बाळगणारा सबळ आहे, ज्याचे भय तो बाळगतो तो दुर्बल आहे, आणि त्या दुर्बलाच्या भविष्याविषयीचे वाक्य सबळाच्याच कानी पडलेले आहे. 'हा पुढे असा होईल' हे वाक्य शाळेत, कचेरीत किंवा घरात उच्चारले जाते, तेव्हा त्याचे सत्यासत्य तपासण्याआधी त्यातील रिकाम्या 'जर'च्या जागी कोणाचे नाव भरले गेले आहे, ते तपासावयास हवे. आईच्या 'पडशील'मध्ये एक गोष्ट अध्याहृत असते : ते म्हणताना तिने हात पुढे केलेला असतो. कंसानेही हात पुढे केला होता. त्यात खड्ग होते.